नोकरी का गेली, याचा पुरावा कामगाराकडे मागू नका

३० जुलै २००३ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कॅनापोलिस गावात पिलोटेक्स कंपनीने आपल्या गिरण्यांना कायमचे टाळे लावले. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या कंपनीने देशभरातल्या सुमारे साडेसहा हजार कामगारांना तडकाफडकी घरी पाठवले. त्यांतले जवळजवळ ४,८०० एकट्या नॉर्थ कॅरोलिनातले होते. कॅनापोलिस हे गाव गिरणीनेच वसवलेले. जेम्स कॅनन या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जमीन घेतली, गिरणी उभारली, कामगारांसाठी घरे बांधली. १९८४ पर्यंत या वस्तीला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांपैकी बरेच जण चाळिशी-पन्नाशीतले होते आणि अनेकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. आता प्रश्न असा, की ही गिरणी कशामुळे बुडाली? चीन, भारत, पाकिस्तान इथून येणाऱ्या स्वस्त टॉवेलमुळे, की १९९७ मध्ये दुसरी मोठी कंपनी विकत घेताना डोक्यावर चढवून घेतलेल्या कर्जामुळे? खरे उत्तर ‘दोन्हींमुळे’ असेच आहे. पण अमेरिकेच्या कायद्यात कामगाराला मिळणारी मदत या प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेली होती, आणि साठ वर्षे ती तशीच टांगलेली राहिली. आयात मालाने बेरोजगार झालेल्यांना सरकारने मदत करावी ही कल्पना उत्तम आहे आणि जिथे ती नीट राबवली गेली तिथे तिचा उपयोगही झाला. ती अडखळली ती ‘कारण सिद्ध करा’ या एका अटीपाशी, असे माझे ठाम मत आहे.

मुळात अशी मदत कशासाठी? परदेशी माल स्वस्तात येऊ लागला की फायदा कोट्यवधी ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो. टॉवेलमागे डॉलरभर वाचला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तोटा मात्र मोजक्या गावांवर आणि मोजक्या घरांवर कोसळतो. देशाचा एकूण हिशेब फायद्यात असला, तरी तो फायदा ज्यांच्या नोकऱ्यांवर उभा राहिला त्यांना आपोआप काही मिळत नाही. ते मुद्दाम द्यावे लागते. पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी १९५४ मध्ये परराष्ट्र आर्थिक धोरणावरील सरकारी आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता. जॉन केनेडी यांनी १९६२ मध्ये आयात शुल्क कमी करण्याचे मोठे अधिकार संसदेकडे मागितले, तेव्हा त्याच कायद्यात ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ ही योजना घातली. देशाच्या भल्यासाठी सरकारने बाजार खुला केला, तर त्याचा सगळा भार चार कारखान्यांतल्या मजुरांनी का सोसावा, अशी त्यामागची भूमिका होती. म्हणजे ही मदत म्हणजे दानधर्म नव्हता. ते सरकारने आपल्या निर्णयाबरोबर स्वीकारलेले देणे होते.

हे देणे फेडले कसे गेले? १९६२ ते १९६९ या सात वर्षांत एकाही कामगार गटाचा अर्ज मंजूर झाला नाही. एकाचाही नाही. कायद्याने दोन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या होत्या: आयात वाढली ती प्रामुख्याने शुल्क-सवलतीमुळे, आणि नोकऱ्या गेल्या त्या प्रामुख्याने त्या वाढीव आयातीमुळे. कारखाना बंद पडण्यामागे जुनी यंत्रे, बदललेली फॅशन, मंदी, व्यवस्थापनाच्या चुका असे दहा धागे गुंतलेले असतात. त्यातला एक धागा उपसून तोच मुख्य होता हे सिद्ध करणे अर्थतज्ज्ञांनाही जड जाते. नोकरी गमावलेल्या फिटरने किंवा शिलाई कामगार बाईने ते कसे करावे? युनियनचे पुढारी या योजनेला ‘अंत्यसंस्काराचा विमा’ म्हणू लागले, यात नवल नाही. १९७४ च्या कायद्याने अट सैल केली. आयातीने नोकऱ्या जाण्यात ‘महत्त्वाचा हातभार’ लावला एवढे दाखवले की पुरे झाले. लगेच चित्र पालटले. १९८० मध्ये जपानी गाड्यांच्या लाटेत अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांनी कामगार कपात केली आणि पाच लाखांहून अधिक लोकांना या योजनेतून पैसे मिळाले. त्या वर्षीचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. पण निकाल लागून पैसे हातात पडेपर्यंत इतका वेळ जाई, की सरकारी लेखातपासणीत आढळले ते असे: बरेच लाभार्थी तोवर पुन्हा कामावर रुजू झालेले होते. ज्यांचा कारखाना थोड्या दिवसांनी उघडणारच होता त्यांना भत्ता मिळाला, आणि ज्यांना सगळे नव्याने उभे करायचे होते त्यांना आधार वेळेवर मिळाला नाही. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने योजनेला कात्री लावली.

अर्जाची वाट कशी होती ते जरा जवळून पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. एकाच कारखान्यातले किमान तीन कामगार, त्यांची युनियन, मालक किंवा राज्याचे रोजगार खाते यांपैकी कुणीतरी केंद्रीय कामगार खात्याकडे अर्ज करायचा. खात्याचा तपासनीस कंपनीकडून विक्री, उत्पादन आणि कामगारसंख्येचे आकडे मागवायचा. मग कंपनीच्या मोठ्या ग्राहकांना प्रश्नावली जायची: तुम्ही या कंपनीकडून माल घेणे कमी केले का? केले असेल तर त्याऐवजी बाहेरचा माल घेतला का? म्हणजे एखाद्या सुताराला वर्ष-दोन वर्षे भत्ता आणि शिक्षण मिळणार की नाही, हे त्याने कधी पाहिलेलीही नाही अशा दुकानसाखळीच्या खरेदी विभागातून आलेल्या कागदावर ठरायचे. २००२ च्या कायद्याने निकालासाठी ४० दिवसांची मुदत घातली. मंजुरी मिळाली की बेकारी भत्ता संपल्यानंतर पुढे भत्ता चालू राहायचा; तो सगळा धरून साधारण दोन वर्षांचा आधार व्हायचा, आणि अपुरे राहिलेले शालेय शिक्षण भरून काढायचे असेल तर आणखी २६ आठवडे मिळायचे. प्रशिक्षणाची फी, दुसऱ्या गावी नोकरी शोधायला जाण्याचा आणि बिऱ्हाड हलवण्याचा काही खर्चही मिळे. कागदावर अमेरिकेतल्या नेहमीच्या बेकारी मदतीपेक्षा ही योजना कितीतरी उदार होती. पण त्याच कायद्यात मंजुरीनंतर ८ आठवड्यांत किंवा नोकरी गेल्यापासून १६ आठवड्यांत, यांतली जी मुदत उशिरा संपेल तिच्या आत, प्रशिक्षणात नाव घालण्याचे बंधन होते. वीस वर्षे एकाच साच्यावर काम केलेल्या माणसाला आयुष्याचा दुसरा धंदा निवडायला एवढाच अवधी.

कारणाची अट किती हास्यास्पद टोकाला जाऊ शकते ते संगणकाच्या क्षेत्रात दिसले. २००० नंतर अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरांची कामे बाहेर जाऊ लागली. त्यांतली काही भारतात आली, आणि पुण्या-मुंबईच्या अनेक मराठी घरांत त्याच काळात पहिला आयटीतला पगार आला. ज्यांची कामे गेली त्या अमेरिकी प्रोग्रॅमरांनी या योजनेसाठी अर्ज केले. खात्याचे म्हणणे असे, की कायद्यात ‘वस्तू’ बनवणाऱ्यांना मदत आहे; सॉफ्टवेअर तबकडीवर किंवा टेपवर भरून विकले तर ती वस्तू, तारेवरून पाठवले तर नाही. प्रकरणे न्यायालयात गेली आणि २००६ मध्ये खात्याला ही भूमिका सोडावी लागली. सेवा क्षेत्रातल्या कामगारांना कायद्याने स्पष्टपणे सामावून घेतले ते २००९ मध्ये. तोपर्यंत ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांचा पगार थांबला होता, घराचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

खरी कसोटी लागली ती चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर. चिनी आयातीमुळे १९९९ ते २०११ या काळात अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, असा अंदाज अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर, डॅरन अ‍ॅसिमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्याआधी २०१३ मध्ये ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी एक वेगळा शोध घेतला: आयातीचा तडाखा ज्या भागांना जास्त बसला तिथे सरकारी पैसा कोणत्या वाटेने पोहोचला? खास याच कामासाठी काढलेल्या योजनेतून आलेली वाढ नगण्य निघाली. अपंगत्वाच्या पेन्शनमधून आलेली वाढ तिच्या तीस पटींहून अधिक होती. एखाद्या विहिरीवर कुलूप लावून ठेवले की गाव तहानलेले राहत नाही, दुसरीकडचे पाणी शोधते. इथे तेच झाले. पाठीचे दुखणे, गुडघे, नैराश्य अशा खऱ्या दुखण्यांच्या आधारे लोक अपंगत्व पेन्शनकडे वळले, आणि ती पेन्शन लागली की माणूस कामाच्या बाजारात सहसा परत येत नाही. सरकारने प्रशिक्षणावर वाचवलेला पैसा दुसऱ्या खिशातून, कितीतरी जास्त प्रमाणात आणि कितीतरी अधिक वर्षे गेला. बेरोजगारीची किंमत नुसती पगारात मोजता येत नाही, हेही या संदर्भात सांगायला हवे. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, कायम कामगारांच्या १९९३ मधल्या अभ्यासात नोकरी गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनीही कमाई सुमारे २५ टक्क्यांनी कमीच राहिलेली दिसली. त्याच राज्यातल्या कामगारांच्या २००९ मधल्या अभ्यासाने दाखवले, की कपातीनंतरच्या पहिल्या वर्षात त्यांचा मृत्युदर ५० ते १०० टक्क्यांनी वाढतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की असल्या योजनांनी काही साधत नाही, पन्नाशीच्या विणकराला तुम्ही काय नवीन शिकवणार? या आक्षेपाला आधार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खुद्द कामगार खात्यासाठी मॅथेमॅटिका या संस्थेने केलेल्या २०१२ च्या मूल्यमापनात चार वर्षांनंतर योजनेतले लोक बाहेरच्या तशाच लोकांपेक्षा वर्षाला सुमारे ३,३०० डॉलर कमी कमावताना आढळले. पण चार वर्षांपैकी दीड-दोन वर्षे जो माणूस वर्गात बसला आहे तो नोकरीतल्या अनुभवात मागे राहणारच. आणि जे योजनेत आले त्यांची परिस्थिती मुळात किती बिकट होती हे तुलनेत पूर्णपणे पकडणे अवघड असते. अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी एक चतुर मार्ग काढला. काही तपासनीस स्वभावतः कडक होते, काही सैल. अर्ज कुणाच्या टेबलावर पडेल ते योगायोगावर अवलंबून होते. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतल्या लोकांपैकी काहींना मंजुरी मिळाली, काहींना नाही, आणि खरी तुलना करता आली. निष्कर्ष असा, की मंजुरी मिळालेल्यांनी प्रशिक्षणाच्या काळात सुमारे १०,००० डॉलरच्या कमाईवर पाणी सोडले, पण दहा वर्षांत एकूण ५०,००० डॉलर जास्त कमावले. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग ते कामाच्या बाजारात टिकून राहिल्यामुळे आला. हा लाभ कायमचा नाही, दहा वर्षांच्या सुमारास तो विरून जातो, कारण शिकलेले कसबही जुने होते. तरीही जिथे पडझड सर्वांत मोठी होती तिथेच तो सर्वांत जास्त दिसला. आणि त्याच अभ्यासातून निघणारी अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की दोन सारख्या कामगारांमध्ये ५०,००० डॉलरचा फरक पडला तो तपासनिसाच्या स्वभावामुळे. कारण सिद्ध करण्याची अट असेल तिथे असा योगायोग राहणारच.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो आणि आज तो फार जोरात आहे: मदत कशाला, आयातच रोखा ना! नोकरी वाचली तर भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने धुलाई यंत्रांवर भारी आयात शुल्क लावले. फ्लाएन, हॉर्टाच्सू आणि टिंटेलनोट या तीन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. साधारण १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या, पण यंत्रे महागली, त्यांच्याबरोबर शुल्क नसलेली कपडे वाळवण्याची यंत्रेही महागली, आणि ग्राहकांचा वार्षिक बोजा दीड अब्ज डॉलरच्या घरात गेला. एका नोकरीमागे सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर. एवढ्या पैशात एका कामगाराला दोन वर्षे भत्ता आणि शिक्षण देऊन, पुढे कित्येक वर्षे पगारातली तूट भरूनही बरेच उरले असते. शिवाय शुल्काने ज्यांची नोकरी वाचते ते एक, आणि महागलेला कच्चा माल विकत घ्यावा लागल्याने ज्यांची जाते ते दुसरेच. या दुसऱ्यांची गणती कोणी करत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. यंत्रामुळे नोकरी गेली, शेजारच्या राज्यातल्या कारखान्याने गिऱ्हाईक पळवले म्हणून गेली, मालकाच्या उधळपट्टीमुळे गेली, तर त्या कामगाराचे दुःख आयातीने बेरोजगार झालेल्यापेक्षा कमी आहे का? नाही. मग एकाला दोन वर्षे आधार आणि दुसऱ्याला सहा महिने, हा न्याय कुठला? या आक्षेपाचा उपयोग अमेरिकेत योजना बंद करण्यासाठी केला गेला, पण माझ्या मते त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. मदत सगळ्यांना द्या, कारण विचारू नका. युरोपीय संघाने हेच केले, पण हळूहळू. २००७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या जागतिकीकरण निधीची अट आधी जागतिक व्यापारामुळे किमान १,००० नोकऱ्या जाण्याची होती. मग मर्यादा ५०० झाली. २०२१ पासून ती २०० वर आली आणि कारणाची अट निघाली. मोठ्या प्रमाणावर नोकऱ्या गेल्या एवढे पुरे. डेन्मार्क तर बेरोजगारांना पुन्हा कामाला लावण्याच्या कार्यक्रमांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के खर्च करतो, अमेरिकेत हे प्रमाण एक दशांश टक्क्याच्या आसपास आहे. सगळ्यांना द्यायचे तर खर्च वाढेल हे खरे, पण अपंगत्व पेन्शनचे आकडे पाहिल्यावर खर्च टळतो असे कोणी म्हणू नये.

आळस वाढेल ही भीती असेल तर तिच्यावरही उपाय याच योजनेत दडलेला होता. २००२ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेतन विमा आला. वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत पगार असलेली नवी नोकरी पत्करली आणि तो पगार जुन्या पगारापेक्षा कमी असला, तर फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षांत कमाल १०,००० डॉलरपर्यंत देत असे. घरी बसून काही मिळत नसे. कमी पगाराची का होईना, नोकरी धरली तरच मिळे. हायमन, ब्रायन कोव्हाक आणि अ‍ॅडम लीव्ह यांनी पन्नाशीच्या अलीकडचे आणि पलीकडचे कामगार ताडून पाहिले. वेतन विमा मिळू शकणाऱ्यांचे नोकरीत असण्याचे प्रमाण ८ ते १७ टक्के बिंदूंनी जास्त होते, पुढच्या काळातली एकूण कमाई दहा टक्क्यांहून अधिक वाढली, आणि वाचलेला बेकारी भत्ता व वाढलेला कर धरता सरकारचा खर्च भरून निघत होता. इतके चांगले निकाल देणारा भाग योजनेच्या कोपऱ्यात, वयाच्या आणि कारणाच्या दुहेरी अटीत बंद होता.

अमेरिकेने शेवटी केले काय? ही योजना व्यापार करारांच्या सौद्यातली सोंगटी बनून राहिली. १२ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्षांचे व्यापार कराराचे अधिकार अडवण्यासाठी कामगारांचे कैवारी म्हणवणाऱ्या डेमोक्रॅट सदस्यांनीच या योजनेविरुद्ध मते दिली आणि ठराव ३०२ विरुद्ध १२६ असा पडला. पंधरवड्यात तो वेगळ्या वाटेने मंजूर करून घ्यावा लागला. पुढे कायद्याची मुदत संपत आली तेव्हा नूतनीकरणाला दुसऱ्या कुठल्या सौद्याची जोड मिळाली नाही. १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. आधी मंजुरी मिळालेल्यांचे लाभ चालू राहिले, नव्यांना दार बंद.

आपल्याकडे या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे, पण तीच अट वेगळ्या वेषात दिसते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मोडीत निघू लागल्या, त्या आयातीमुळे नव्हे. त्या काळात केंद्राने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी काढला: गिरणी कायमची बंद झाली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. रचना समंजस होती. पण अटी अशा होत्या: गिरणी रीतसर बंद झाल्याचा कागद हवा, सलग पाच वर्षांची नोकरी हवी, लघुउद्योगाच्या व्याख्येत कारखाना बसता कामा नये. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या कामगाराचे नाव बहुधा हजेरीपटावरच नसते. त्याने पाच वर्षांची नोकरी कुठल्या कागदाने दाखवावी? १९९२ मध्ये उदारीकरणाबरोबर राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्यात पुनर्प्रशिक्षणाची भाषा होती, पण पैसा मुख्यतः सरकारी उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला, आणि २००० मध्ये तो निधी गुंडाळला गेला.

आता भारत एकामागून एक मुक्त व्यापार करार करतो आहे: २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलिया, २०२४ मध्ये स्वित्झर्लंड-नॉर्वे यांचा गट, जुलै २०२५ मध्ये ब्रिटन. यातून निर्यात वाढेल, नोकऱ्याही येतील, आणि मी या करारांच्या विरोधात नाही. पण काही कारखान्यांत कामगार कपातही होईल. त्यांतल्या कामगारासाठी आज औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे; कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या दराने १५ दिवसांची रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. कारण विचारत नाही, मुदत छोटी आहे, पैसा थेट खात्यात जातो. अमेरिकेला साठ वर्षांत जे जमले नाही ते या कलमाने साधले आहे. फक्त १५ दिवसांत कोणी नवे काम शिकत नाही. सरकारने त्यात आपला वाटा घालून ते १५ दिवस निदान सहा महिन्यांवर न्यावेत, पन्नाशीपुढच्यांसाठी त्याला वेतन विमा जोडावा, आणि हजेरीपटाबाहेरच्या यंत्रमाग कामगाराला ई-श्रम नोंदणीवरून त्यात घ्यावे. पुढच्या करारावर सही होण्याआधी ही मागणी कामगार संघटनांनी आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी लावून धरली पाहिजे.